कोलाज आणि घरची स्क्रीन: आधी छापा, मग चिकटवा

प्रश्न: मासिकांची कात्रणं, जुने कागद आणि ॲक्रिलिक रंग घेऊन मी कोलाज करतो. आता त्यावर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून छपाई, करून पाहतोय. जुन्या फोटोफ्रेमवर पडद्याचं झिरझिरीत कापड ताणून स्क्रीन घरीच केली. पण कोलाजवर छापलं की चिकटवलेल्या कागदांच्या कडांपाशी शाई तुटते, चार-पाच छापांत जाळी बुजते आणि शाईच्या ओलीने खालचे कागद फुगतात. जाळी, शाई, स्टेन्सिल (नको तो भाग झाकणारा साचा) यांतलं नक्की काय बदलू? फोटो-इमल्शनच्या, म्हणजे जाळीवर लावायच्या, उजेडाने कडक होणाऱ्या लेपाच्या वाटेला जावं का? आणि बिघडलेली दोन कोलाज वाचतील का?

उत्तर: तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण जाळी बुजण्याची सोडली तर उरलेल्या दोन मुख्यतः तुमच्या कामाच्या क्रमामुळे आल्या आहेत. तुम्ही कोलाज पुरं करता, वाळवता आणि शेवटचा हात म्हणून त्यावर स्क्रीन ठेवता. मी याच्या उलट सांगेन. बहुतेक छपाई कोलाज सुरू होण्याआधीच सुट्या, सपाट कागदांवर उरकून घ्या. स्क्रीनने आधी कागद तयार करायचे, चित्र नंतर. चिकटवून झाल्यावर वरून छापायचा तो एखादाच छाप, आणि तोही अडलंच तर.

आधी कडांपाशी काय होतं ते पाहू. साध्या ८० जीएसएम कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. दोन कात्रणं एकावर एक आली की ०.२, शिवाय खालचा गोंद. आकडा किरकोळ वाटतो, पण जाळीतून उतरणाऱ्या ओल्या शाईचा थर कागदाच्या जाडीहूनही पातळ असतो. ताणलेली जाळी या पायरीच्या वरच्या काठावर टेकते आणि तिथून तिरकी उतरत जरा पुढे जाऊन खालच्या कागदाला लागते. मधल्या पट्ट्यात ती कागदाला शिवतच नाही. स्क्वीजीचं, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचं, काम शाई छिद्रांत भरायचं आणि जाळी कागदावर टेकवायचं. शाई खाली उतरते ती कागदाने तिला धरल्यामुळे. स्पर्श नाही तिथे शाई जाळीतच राहते. भिंग घेऊन तुमच्या कोलाजची एक कड बघा. वरच्या अंगाला साचलेल्या शाईची जाडसर रेघ दिसेल आणि पायथ्याशी कोरी रेघ, कागदाच्या जाडीच्या कितीतरी पट रुंद. जोर लावून हे सुटत नाही. जोर दिला की सपाट भागातली शाई आकृतीबाहेर पसरते आणि पायथ्याची कोरी रेघ जागच्या जागी राहते.

आता उलट क्रमाने बघा. सुट्या कागदावर पायरी नसते, त्यामुळे छाप पूर्ण उमटतो. तो वाळल्यावर कागद फाडा, कापा, उलटा लावा, काहीही करा. एकाच स्क्रीनमधून तपकिरी कागद, ट्रेसिंग पेपर, हिशेबाच्या वहीची पानं, जुना नकाशा आणि पातळ टिश्यू अशा पाच-सहा पृष्ठभागांवर दोन-तीन रंगांत छापून ठेवा. कागद बदलला की तीच आकृती वेगळी बोलते: तपकिरी कागदावर शाई मुरते आणि कडा मऊ होतात, ट्रेसिंग पेपरवर ती वर बसते आणि कडा धारदार येते. फिकट झालेले, तिरके आलेले, शाई कमी पडलेले छाप टाकू नका. कोलाजसाठी सर्वांत कामाचे कागद बऱ्याचदा त्यातच निघतात. स्वच्छ, एकसारख्या प्रतींची मालिका काढणाऱ्या छपाईवाल्याला जी रद्दी, ती कोलाजवाल्याला माल.

या कागदांमध्ये टिश्यूबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या कडांच्या अडचणीवरचा खरा उपाय तोच आहे. पांढरा, न रंगवलेला पातळ टिश्यू एका वर्तमानपत्राच्या घडीवर पसरा, चार कोपरे चिकटपट्टीने धरा आणि त्यावर ॲक्रिलिक शाईने छापा. लगेच उचलू नका. ओला टिश्यू खालच्या कागदाला चिकटलेला असतो आणि घाईत उचलला की फाटतो. अर्धवट वाळल्यावर एका कोपऱ्यापासून अलगद सोडवा आणि दोरीवर टाका. पुरता वाळला की हवा तो भाग फाडून घ्या. इथे कात्री नको, फाटलेली कड जास्त बेमालूम मिसळते. कोलाजवर मॅट ॲक्रिलिक मीडियमचा, म्हणजे रंग नसलेल्या ॲक्रिलिकचा, हात द्या, टिश्यू ठेवा आणि वरून मऊ ब्रशने पुन्हा मीडियम फिरवा. टिश्यूच्या तंतूंमधली हवा जाऊन तिथे मीडियम भरलं की कागद जवळजवळ पारदर्शक होतो आणि उरतो फक्त छाप. खालच्या कात्रणांच्या पायऱ्यांवर टिश्यू सहज वाकतो, त्यामुळे छाप कडेवरून सलग जातो. शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला तो स्क्रीनने थेट वरून छापल्यासारखाच वाटतो. दोन गोष्टी सांभाळा: शाई ॲक्रिलिकच हवी आणि ती पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर मीडियमच्या ब्रशखाली ओघळेल, आणि ब्रश एकाच जागी घासत बसू नका, ओला टिश्यू लगेच विरतो.

कोलाजवाल्यांना स्क्रीनची ओढ का लागली याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशनबर्गचं आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो मासिकांतली चित्रं द्रावकाने भिजवून, मागून घासून कागदावर उतरवायचा. त्यात अडचण अशी की चित्र मासिकात जेवढं, तेवढंच उतरायचं. १९६२ मध्ये तो फोटो-स्क्रीनकडे, म्हणजे छायाचित्रावरून बनवलेल्या स्क्रीनकडे, वळला आणि हा आकाराचा अडसर गेला. तेच छायाचित्र कॅनव्हासवर मोठं करून, पुन्हा पुन्हा, वेगळ्या रंगात, दुसऱ्या चित्रावर अर्धवट चढवून वापरता आलं. त्याच वर्षी अँडी वॉरहोलनेही फोटो-स्क्रीन हाती घेतली, पण त्याचा रस एकाच प्रतिमेच्या रांगा लावण्यात होता. कोलाजवाल्याने शिकायचं ते राउशनबर्गकडून. १९६४ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळाल्यावर, पुन्हा तेच करत बसायला नको म्हणून, त्याने न्यूयॉर्कच्या स्टुडिओतल्या सगळ्या स्क्रीन नष्ट करायला सांगितल्या. एवढं टोक गाठायची आपल्याला गरज नाही, पण एकाच स्क्रीनच्या प्रेमात पडून प्रत्येक कोलाजवर तोच छाप मारायचा मोह सगळ्यांनाच होतो.

आता साधनं. पडद्याचं कापड वाईट नाही, पण त्याच्या मर्यादा आहेत. त्याची वीण सैल आणि असमान असते, धागे सरकतात आणि शाई भसाभस उतरते. मोठे सपाट आकार, ठसठशीत पट्टे, फाडलेल्या कागदाची स्टेन्सिलं यांसाठी ते खुशाल वापरा. बारीक रेघ किंवा छायाचित्र हवं असेल तर छपाईसाठी बनवलेली एकधागी पॉलिएस्टर जाळी घ्या. जाळीवर ४३ टी, ५५ टी, ७७ टी, ९० टी असे आकडे असतात. एका सेंटिमीटरमध्ये किती धागे, तो हा आकडा. आकडा लहान तर छिद्रं मोठी आणि शाई जास्त. कापडावर आणि खडबडीत पृष्ठभागावर ४३ टी चालते, गुळगुळीत कागदावर ७७ किंवा ९० टी चांगली. तुमच्या मिश्र कामासाठी एकच जाळी घ्यायची तर मी ५५ टी सांगेन. घरी मिसळलेली ॲक्रिलिक शाई तिच्यातून निवांत जाते आणि मध्यम बारकावाही राहतो.

फ्रेम घरचीच ठेवा, फक्त ती डगमगणारी नको. कोपरे स्क्रूने आवळा आणि लाकडाला वॉर्निशचे दोन हात द्या, नाहीतर दर धुण्याला लाकूड पाणी पिऊन वाकेल. जाळी ठोकताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक स्टेपल मारा, मग समोरासमोरच्या बाजूंनी ताणत कोपऱ्यांकडे जा. एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेलात तर जाळी तिरकी ताणली जाते. बोटाने टिचकी मारल्यावर भरीव आवाज यायला हवा. आकृतीच्या चारही बाजूंना पाच ते आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, शाई थांबायला ती लागते. आतल्या कडा प्लॅस्टिकच्या पॅकिंग टेपने बंद करा, कागदी मास्किंग टेप पहिल्याच धुण्यात सुटते. स्क्वीजीच्या बाबतीत मात्र काटकसर नको. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड लहानशा आकृतीला पुरतं, पण त्याहून मोठ्या कामाला सरळ धारेची रबरी किंवा पॉलियुरेथेनची स्क्वीजी विकतच आणा. घरच्या फ्रेमने जेवढी कामं बिघडतात त्याहून जास्त बोथट, खाचा पडलेल्या स्क्वीजीने बिघडतात.

जाळी बुजण्याचं कारण शाईत आहे. ट्यूबमधलं किंवा बाटलीतलं ॲक्रिलिक लवकर वाळावं म्हणूनच बनवलेलं असतं आणि जाळीच्या बारीक छिद्रांत ते कागदावरच्यापेक्षाही लवकर वाळतं. त्यात स्क्रीन प्रिंटिंगसाठी मिळणारं मंदगतीचं मीडियम साधारण सम प्रमाणात मिसळा. पाणी घालून पातळ करू नका. पाण्याने शाई जाळीखाली झिरपते आणि कडा फुटतात, वाळायची ती वाळतेच. मिसळलेली शाई चमच्यावरून धारेने ओघळू नये, जड होऊन सावकाश घसरावी.

दुसरा उपाय हाताच्या सवयीचा आहे. प्रत्येक छापानंतर स्क्रीन जराशी उचलून धरा आणि स्क्वीजीने, अजिबात जोर न देता, शाईचा थर आकृतीवर पसरवून ठेवा. छिद्रं ओल्या शाईने भरलेली राहतात आणि पुढचा कागद ठेवेपर्यंत वाळत नाहीत. मग स्क्रीन खाली टेकवा आणि ४५ ते ६० अंशांत धरलेली स्क्वीजी एका दमात ओढा. मध्ये थांबलात की तिथे आडवी रेघ दिसते. स्क्रीन आणि कागद यांच्यात फ्रेमच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून दोन-तीन मिलिमीटर अंतर राखा. स्क्वीजी पुढे गेली की मागची जाळी लगेच कागदावरून सुटली पाहिजे. जमलं की सुटताना चर्रर्र असा बारीक आवाज येतो. घरची जाळी जरा सैल असेल तर अंतर थोडं वाढवा. पंखा बंद ठेवा. सगळे कागद आधीच कापून हाताशी ठेवा आणि सलग छापत जा. फोन वाजला तर स्क्रीनखाली ओलं फडकं ठेवून मग उठा. काम संपल्या संपल्या स्क्रीन धुवा. वाळलेलं ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने थोडंफार मऊ होतं, पण तोवर जाळीचा काही भाग गेलेलाच असतो.

स्टेन्सिलबद्दल माझं मत ठाम आहे: इमल्शनकडे जाण्याआधी काही महिने कागदाचं स्टेन्सिल वापरा. पातळ वर्तमानपत्री कागदातून आकार फाडा किंवा कापा, छापायच्या कागदावर ठेवा, वर स्क्रीन टेकवा आणि शाई ओढा. पहिल्याच ओढीत शाईच्या चिकटपणाने स्टेन्सिल जाळीला खालून चिकटतं आणि तिथेच राहतं. एरवी कापलेल्या स्टेन्सिलमध्ये वर्तुळाच्या आतलं वर्तुळ धरून ठेवायला पूल सोडावे लागतात. इथे तो सुटा तुकडाही जाळीला चिकटून राहतो, त्यामुळे पुलांची कटकट नाही. कागद ओला होऊन गळेपर्यंत पंधरा-वीस छाप सहज निघतात आणि कोलाजला तेवढे भरपूर झाले. फाडलेल्या कडेचं स्टेन्सिल छापात फाडलेल्या कागदासारखंच दिसतं. मग खरोखर फाडलेला कागद आणि छापलेली फाटकी कड एकाच चित्रात शेजारी ठेवा. डोळा फसतो, आणि चित्रात मजा येते ती इथे.

हाताने काढलेली रेघ हवी असेल तर जाळीवरच ब्रशने ॲक्रिलिक मीडियम लावून नको तो भाग बंद करता येतो. हे कायमचं असतं, पुन्हा निघत नाही. पांढरा लाकडाचा गोंदही चालतो, पण पाण्याने तो मऊ पडतो. काही छाप काढून स्क्रीन मोकळी करायची असेल तर हा मऊपणा उलट सोयीचाच. आणखी एक प्रकार जरूर करून बघा. कोऱ्या स्क्रीनवर जलरंगांनी किंवा पाण्यात विरघळणाऱ्या खडूंनी थेट चित्र काढा, वाळू द्या, मग रंगहीन मीडियम घालून स्क्वीजी ओढा. मीडियममधल्या ओलाव्याने वाळलेला रंग सुटून कागदावर उतरतो. पहिला छाप भडक, दुसरा फिका, तिसऱ्यात नुसती सावली. एकसारख्या प्रती यातून निघणारच नाहीत, आणि कोलाजला त्या हव्या आहेत कशाला?

आता फोटो-इमल्शन. छायाचित्रं, हस्ताक्षर, जुनी कागदपत्रं मोठी करून वापरायची असतील तर त्याला पर्याय नाही, म्हणून शिका जरूर. पण तयार डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शनच घ्या. गोंद किंवा जिलेटिनमध्ये पोटॅशियम अथवा अमोनियम डायक्रोमेट मिसळून इमल्शन घरी बनवायच्या जुन्या कृती अजूनही फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्वचेला कायमची ॲलर्जी जडवू शकतं आणि धुतल्यावर जातं ते थेट गटारात. घरच्या घरी करायची हौस फ्रेमपाशी थांबलेली बरी.

इमल्शनचा थर पातळ हवा, दोन्ही बाजूंनी एकेक हात पुरतो. मंद पिवळ्या उजेडात लावा. कागदाला टेकणारी बाजू खाली ठेवून, स्क्रीन आडवी, अंधारात वाळवा; तशी वाळवली की इमल्शनचा जाड भाग छापायच्या बाजूला बसतो आणि कडा चांगल्या येतात. स्पर्शाला कोरडी लागली तरी लगेच वापरू नका, दमट हवेत तर नाहीच. आतून ओलसर राहिलेलं इमल्शन धुताना बुळबुळीत होऊन निघतं आणि माणूस उगाच उजेडाला दोष देत बसतो. प्रकाशाला सूर्य चालतो, कारण इमल्शन कडक होतं ते मुख्यतः अतिनील आणि त्याला लागून असलेल्या जांभळ्या प्रकाशाने. मात्र ऊन रोज सारखं नसतं, म्हणून आधी चाचणी घ्या. स्क्रीनच्या एका पट्टीवर काळा पुठ्ठा थोडाथोडा सरकवत वेगवेगळा वेळ द्या आणि धुऊन बघा. कमी वेळ मिळालेला भाग बुळबुळीत होऊन वाहून जातो, जास्त वेळ मिळालेल्या भागात बारीक रेघा धुतल्या तरी उघडत नाहीत. मधला भाग तुमचा.

पॉझिटिव्ह, म्हणजे इमल्शनवर ठेवून उजेड अडवायची आकृती, काळाकुट्ट हवा. पारदर्शक फिल्मवरची लेझर प्रिंट उजेडाकडे धरून बघा, काळ्यातून प्रकाश दिसत असेल तर तशाच दोन प्रती तंतोतंत एकावर एक चिकटवा. छायाचित्र असेल तर ते हाफटोन, म्हणजे लहानमोठ्या, ठिपक्यांत बदलून घ्या आणि ठिपके मोठे ठेवा: ५५ टीला इंचाला ठिपक्यांच्या २५ ओळींच्या आसपास, ७७ टीला ३५ ते ४०. त्याहून बारीक ठिपके धुताना उडतात, नाहीतर जाळीच्या वीणीशी भांडून नको त्या लाटा उमटवतात. कोलाजवाल्यासाठी खरी गंमत अशी की पॉझिटिव्ह संगणकातूनच यायला हवा असं काही नाही. काच, तिच्याखाली फाडलेला काळा कागद, गुंता झालेला दोरा, लेसचा तुकडा, वाळलेलं पान हे सगळं थेट इमल्शनवर मांडून उन्हात ठेवा. त्यांची सावली जिथे पडेल तिथे जाळी उघडी राहील. म्हणजे तुम्ही कोलाज करताय ते स्क्रीनवरच. कोरिटा केंट ही लॉस एंजेलिसमध्ये कला शिकवणारी जोगीण १९६०च्या दशकात जाहिरातींतली अक्षरं वाकवून, चुरगाळून त्यांवरून छाप करायची. सरळ अक्षरापेक्षा सुरकुतलेलं अक्षर किती जिवंत दिसतं हे तिच्या कामात पाहण्यासारखं आहे.

इमल्शन काढायला मिळणारं द्रावण जाळीवर वाळू देऊ नका. वाळलं की उरलेलं इमल्शन कायमचं बसतं. ब्लीचने काढणारेही असतात. वापरलंत तर दुसऱ्या कोणत्याही रसायनात, विशेषतः आम्लात, मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

कागद फुगण्याकडे येऊ. कागद ओला झाला की पसरतो, तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. जिथे गोंद पोचलेला नसतो तिथे पसरलेला कागद वर उचलला जातो. वरून आलेली शाईची ओल ती पोकळी फक्त उघडी पाडते, पोकळी आधीपासून असतेच. म्हणून गोंद तुकड्यालाही लावा आणि पायालाही, कडेच्या बाहेरपर्यंत, पातळ आणि सगळीकडे. जाडसर तुकडा गोंद लावून मिनिटभर तसाच ठेवा, तो काय पसरायचा तो चिकटण्याआधीच पसरू दे. मग मधून कडेकडे दाबत जा. वर सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. पाया किमान ३०० जीएसएमचा कागद घ्या, त्याहून बरा जाड पुठ्ठा किंवा एमडीएफ. पुठ्ठ्याच्या पाठीलाही एक कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा राहील आणि तो वाकणार नाही. दाबण्याने कात्रणांच्या पायऱ्याही बसतात, हा वरचा फायदा.

कात्रणांबद्दल एकच: इंकजेटच्या प्रिंट मीडियममध्ये फुटतात, लेझरच्या फुटत नाहीत. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, टिकवायचं असेल तर त्याची चांगल्या कागदावर लेझर प्रत काढा. यंत्रातून निघणाऱ्या पावत्या तर लावूच नका, त्यांच्यावरची अक्षरं आपोआप उडतात.

एवढं करूनही कधी कधी थेट वरून छापावंसं वाटतं, आणि वाटावंच. दोन सुट्या पडलेल्या भागांना एका मोठ्या आकाराने बांधायचं असेल तर टिश्यूपेक्षा स्क्रीनचा सपाट, भरीव रंग बरा. अशा वेळी आधी पूर्ण वाळलेल्या कोलाजवर मॅट मीडियमचा एक हात देऊन चोवीस तास ठेवा. ४३ टीची जाळी घ्या, अंतर चार-पाच मिलिमीटर करा आणि आकृती ठसठशीत निवडा, बारीक रेघ नको. स्टेपल, वाळूचे कण, कडक गोंदाचे टोकदार थेंब असले काही वर असेल तर आधी काढा. त्यावरून एक स्क्वीजी गेली की जाळीला भोक पडतं. जागा नेमकी पकडायला टेबलाच्या एका कडेला टेपच्या बिजागरीवर पारदर्शक फिल्म लावा. आधी छाप त्या फिल्मवर घ्या. फिल्मखाली कोलाज सरकवा, छाप हवा तिथे आला की कोलाजच्या कोपऱ्यांना टेपच्या खुणा करा, फिल्म बाजूला उलटवा आणि मग छापा. प्रत्येक कोलाज एकुलतं एक असतं, त्यामुळे मी ही पायरी कधीच गाळत नाही. शिवाय फिल्मवर पाहिल्यावर निम्म्या वेळा कळतं की छापायची गरजच नाही.

वरून छापायचा पहिला रंग काळा घेऊ नका. अर्धपारदर्शक मळकट पांढरा घ्या: पांढऱ्या शाईत तितकंच किंवा थोडं जास्त पारदर्शक मीडियम. गजबजलेली कात्रणं त्याखाली मागे सरतात पण मिटत नाहीत आणि पुढच्या रंगाला जागा मिळते. मिश्र माध्यमाच्या कोलाजमध्ये मला सर्वांत जास्त लागणारी शाई हीच.

आता तुमची दोन बिघडलेली कोलाज. टाकू नका. जिथे कागद फुगलाय तिथे धारदार पात्याने तंतूंच्या दिशेने एक चीर द्या, पातळ केलेला गोंद सुई नसलेल्या सिरिंजने किंवा बारीक ब्रशने आत सोडा, बोटाने दाबा आणि बेकिंगच्या कागदाखाली वजन ठेवा. कडांवर साचलेली शाई ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच उतरवा. तोच छाप पुन्हा वरून मारू नका, तो आधीच्या छापावर तंतोतंत बसणार नाही आणि दुहेरी कडा दिसतील. त्याऐवजी ती स्क्रीन असेल तर तिच्यातूनच त्याच रंगात टिश्यूवर तीन-चार छाप काढा. कोरी रेघ जिथे आहे तेवढाच भाग टिश्यूतून फाडून कडेवर बसवा, आकृती खालच्याशी जुळवून. शाई तुटलेली जागा एखाद-दुसरी असेल तर ती यातच भरून जाईल. सगळ्याच कडा तुटल्या असतील तर मात्र एकेक बुजवत बसू नका. त्या भागावर मळकट पांढऱ्याचा मोठा आकार छापा आणि तो वाळल्यावर टिश्यूचा पूर्ण छाप जरा सरकवून, आधीच्या छापापासून मुद्दाम बोटभर बाजूला लावा. पूर्ण झालेली कोलाज एकमेकांवर रचून ठेवू नका. ॲक्रिलिकचा थर वाळला तरी उष्णतेत आणि दाबाखाली चिकट राहतो. मध्ये तोच सिलिकॉनचा कागद घाला, नाहीतर आत्ता वाचवलेली ही दोन्ही एकमेकांना चिकटून बसतील.